फिनाइलएफ्रिनच्या पीकखाली काय दडलंय: यूव्ही डिटेक्टरची सिलेक्टिव्हिटी कुठवर वाढवता येते

गोष्ट द्रव क्रोमॅटोग्राफीची (एचपीएलसी) आहे: औषधाचे घटक कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि डिटेक्टर त्यांचं अतिनील (यूव्ही) शोषण मोजून प्रत्येकाचं शिखर, म्हणजे पीक, दाखवतो. प्रश्न थोडक्यात असा आहे. सर्दी-तापाचं सिरप, दर 5 मिलीमध्ये पॅरासिटामॉल 125 मिग्रॅ, फिनाइलएफ्रिन हायड्रोक्लोराइड 2.5 मिग्रॅ आणि क्लोरफेनिरामाइन मॅलिएट 1 मिग्रॅ. सी-18 कॉलम, 250 × 4.6 मिमी, 5 मायक्रॉन. पीएच 3.0 चा 20 मिलीमोलर फॉस्फेट बफर आणि असिटोनायट्राइल यांचा ग्रेडियंट (रनभर प्रमाण बदलत जाणारं मिश्रण), फ्लो मिनिटाला 1 मिली. पीडीए (फोटोडायोड ॲरे, एकाच वेळी सगळ्या तरंगलांब्या नोंदवणारा) डिटेक्टर 220 नॅनोमीटरवर. फिनाइलएफ्रिनच्या पीकला पुढच्या बाजूने खांदा येतो. प्लॅसिबो (औषधाविना बनवलेलं तेच सिरप) स्वच्छ आहे. 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेला ठेवलेल्या नमुन्यांत हा खांदा वाढतो, तरी पीक प्युरिटी (पीकभर स्पेक्ट्रम एकसारखा आहे का याची तपासणी) पास होते आणि फिनाइलएफ्रिनची टक्केवारी जिथल्या तिथे राहते. कॉलम आणि ग्रेडियंट व्हॅलिडेट झालेले आहेत. त्यांना हात न लावता डिटेक्टरवरच काही करता येईल का?

करता येईल, पण सगळं नाही. या कॉलमवर 1 मिली फ्लोला व्हॉइड (कॉलम ज्यांना धरतच नाही त्यांची बाहेर पडण्याची वेळ) साधारण अडीच मिनिटांना येतो. फिनाइलएफ्रिन पीएच 3 ला पूर्ण प्रोटोनेटेड असतं, त्यामुळे सी-18 त्याला जेमतेम धरतो. त्याच भागात येऊ शकणारे तीन पाहुणे या फॉर्म्युलात आहेत: क्लोरफेनिरामाइनसोबत आलेलं मॅलिएट, पॅरासिटामॉलमधून सुटणारं 4-अमिनोफिनॉल आणि फिनाइलएफ्रिन व मॅलिइक आम्ल यांच्या संयोगातून बनणारा ॲडक्ट. पहिल्याचा बंदोबस्त तरंगलांबीने होतो, दुसऱ्याचा पीएचने. तिसऱ्यापुढे यूव्ही डिटेक्टर हतबल आहे आणि तिथे कॉलमवरचं वेगळं करणंच बदलावं लागतं. डिटेक्टर रेणू ओळखत नाही, तो फक्त क्रोमोफोर, म्हणजे रेणूचा प्रकाश शोषणारा भाग, बघतो.

आधी मॅलिएट. प्लॅसिबो स्वच्छ आणि सॅम्पलमध्ये शून्य दिवसापासून खांदा, एवढ्यावरूनच बोट काउंटर-आयनकडे, म्हणजे क्षारात औषधासोबत आलेल्या जोडीदार आयनकडे, जातं. प्लॅसिबोत औषध नसतं, म्हणून मॅलिएटही नसतं. खात्रीसाठी मॅलिइक आम्लाचं 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं पाण्यातलं द्रावण वेगळं इंजेक्ट करा. 210 ते 220 ला ते जोरात शोषतं आणि 270 च्या पुढे जवळजवळ दिसेनासं होतं. फिनाइलएफ्रिनचा फिनॉलचा पट्टा 273 च्या आसपास आहे. म्हणजे 220 वरून 275 वर गेलात की मॅलिएट नुसतं कमी होत नाही, चित्रातूनच जातं. किंमत एवढीच की फिनाइलएफ्रिनचा सिग्नल तीन-चार पटींनी घटतो. 5 मिली सिरप 50 मिलीला नेलं तर फिनाइलएफ्रिन 50 मायक्रोग्रॅम प्रति मिली राहतं. 10 मायक्रोलिटर इंजेक्शनला 275 वर काही दहा मिलीएयूंचं (एयू हे शोषणाचं एकक) पीक मिळतं. ॲसेला, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजायला, हे भरपूर झालं.

तरंगलांबी निवडताना बहुतेक जण औषधाचा लॅम्डा मॅक्स (कमाल शोषणाची तरंगलांबी) घेऊन मोकळे होतात. संवेदनशीलतेसाठी ते बरोबर आहे. सिलेक्टिव्हिटीसाठी, म्हणजे औषध अडथळ्यापासून वेगळं दिसण्यासाठी, औषधाचं शोषण किती हे महत्त्वाचं नाही, औषधाचं शोषण भागिले अडथळ्याचं शोषण किती ते महत्त्वाचं आहे. हे गुणोत्तर मोजायला अर्धा दिवस पुरतो. प्रत्येक घटक स्वतंत्र, त्याच मोबाइल फेजमध्ये, त्याच कॉलमवर चालवा. मिथेनॉलमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काढलेला स्पेक्ट्रम इथे चालत नाही, कारण पीएच आणि सॉल्व्हंट बदलला की पट्टे सरकतात. पीडीए 200 ते 400 नॅनोमीटर ठेवा, टप्पा 1 किंवा 2 नॅनोमीटर, आणि सगळे स्पेक्ट्रा साठवायचा पर्याय निवडा. फक्त शिखराचा स्पेक्ट्रम साठवला तर नंतर पीकच्या कडेचं काहीच तपासता येत नाही. शिखरावरचे आकडे स्प्रेडशीटमध्ये घ्या आणि दर तरंगलांबीला औषधाचं शोषण अडथळ्याच्या शोषणाने भागा. टोकाला दोन्ही शोषणं शून्याजवळ जातात तेव्हा हे गुणोत्तर वेडंवाकडं उसळतं, त्याला भुलू नका. औषधाचं शोषण त्या पट्ट्याच्या कमाल मूल्याच्या चौथ्या हिश्शाखाली गेलं की तिथलं गुणोत्तर मी धरत नाही.

खांदा खरंच मॅलिएटचा आहे का, हे एकाच रनमधून बघायचं असेल तर 275 आणि 220 या दोन सिग्नलचं गुणोत्तर वेळेवर मांडा. पीक शुद्ध असेल तर हे गुणोत्तर पीकच्या रुंदीभर टेबलासारखं सपाट राहतं. मॅलिएट पुढच्या उतारावर बसलेलं असेल तर पहिल्या काही सेकंदांत गुणोत्तर खाली दबलेलं दिसतं, मग चढतं, आणि शिखराच्या अलीकडे सपाट होतं. सॉफ्टवेअरने दिलेल्या प्युरिटी अँगलच्या एका आकड्यापेक्षा ही रेघ जास्त बोलते, कारण अडथळा पीकच्या कोणत्या बाजूला आहे तेही ती सांगते. डेटा रेट मात्र पुरेसा हवा. 12 सेकंदांच्या पीकला 5 हर्ट्झ ठेवलं तर 60 बिंदू मिळतात. 1 हर्ट्झवर मिळणाऱ्या 12 बिंदूंवरून असली रेघ काढणं व्यर्थ आहे.

275 का, 280 का नाही? मॅलिएट 280 ला आणखी कमी होतं हे खरं. पण फिनॉलचा हा पट्टा अरुंद आहे आणि शिखर ओलांडलं की कडा वेगाने कोसळते. कड्यावर बसून मोजलं तर डिटेक्टरच्या तरंगलांबीतली 1 नॅनोमीटरची चूकही रिस्पॉन्समध्ये दिसते. स्टँडर्ड आणि सॅम्पल एकाच उपकरणावर चालतात तेव्हा ॲसेमध्ये ही चूक कटते. अशुद्धीच्या रिलेटिव्ह रिस्पॉन्स फॅक्टरमध्ये (औषधाच्या तुलनेत अशुद्धीचा सिग्नल किती, तो आकडा) ती कटत नाही. तो फॅक्टर एका डिटेक्टरवर काढलेला असतो आणि वापरला जातो दुसऱ्यावर. म्हणून 273 ते 276 या सपाट माथ्यावरच राहा, आणि रोबस्टनेसमध्ये (अटी थोड्या हलवून घेतलेल्या चाचणीत) ±2 नॅनोमीटर नुसतं कागदावर न ठेवता खरोखर चालवून बघा. तरंगलांबीची अचूकता कॅफिनच्या द्रावणाने फ्लो सेलमध्येच तपासता येते. त्याचं वरचं शिखर 273 ला आहे, म्हणजे नेमकं आपल्या कामाच्या जागी.

बँडविड्थचंही, म्हणजे सिग्नलमध्ये धरलेल्या तरंगलांब्यांच्या रुंदीचंही, तेच. 4 नॅनोमीटर ठेवा. 16 केली तर नॉइज कमी होतो, पण सिग्नल 267 ते 283 ची सरासरी होतो आणि अरुंद पट्ट्याची उंची बोथट होते. एका प्रयोगशाळेत पीडीए आणि दुसरीकडे साधा व्हेरिएबल वेव्हलेंग्थ डिटेक्टर असेल तर दोघांच्या बँडविड्थ वेगळ्या असतात. मेथड ट्रान्सफरमध्ये आकडे जुळत नाहीत तेव्हा कॉलमला दोष देण्याआधी हे बघा.

आता रेफरन्स तरंगलांबी. काही डायोड ॲरे डिटेक्टरवर 360 नॅनोमीटर, बँडविड्थ 100, असा रेफरन्स आधीच चालू असतो. म्हणजे 310 ते 410 मधलं सरासरी शोषण तुमच्या सिग्नलमधून सतत वजा होत राहतं. रंगहीन गोळीत हे खपतं. सिरपमध्ये सनसेट यलो किंवा टार्ट्राझिन असतो आणि हे रंग त्या पट्ट्यात शोषतात. रंगाचं पीक येतं तिथे बेसलाइन खड्ड्यात जाते, आणि शेजारच्या लहान पीकचं क्षेत्रफळ त्या खड्ड्यात हरवतं. अशुद्धीच्या मेथडमध्ये रेफरन्स बंद ठेवा आणि तसं मेथडमध्ये लिहा.

हाच रेफरन्स मुद्दाम वापरला तर मात्र तो हत्यार होतो. अडथळ्याच्या स्पेक्ट्रमवर अशा दोन तरंगलांब्या शोधा जिथे त्याचं शोषण समान आहे, पण औषधाचं नाही. एक सिग्नल, दुसरी रेफरन्स. वजाबाकीत अडथळा नाहीसा होतो आणि औषध उरतं. कल्पना देखणी आहे, मर्यादा कठोर आहे. समजा अडथळ्याचं पीक 600 मिलीएयू आहे आणि दोन तरंगलांब्यांवरचं शोषण अर्ध्या टक्क्याने असमान आहे. वजाबाकीनंतर 3 मिलीएयू उरतात. औषधाचं पीक 100 मिलीएयू असेल तर काम भागतं, 5 असेल तर तुम्ही अडथळ्याची शिल्लक मोजत आहात. शिवाय दोन सिग्नलचा नॉइज एकत्र होतो, सुमारे 1.4 पट. मॅलिएटसारख्या मध्यम अडथळ्याला ही युक्ती चालते. पॅरासिटामॉलच्या डोंगराखालून 0.1 टक्का अशुद्धी उकरायला चालत नाही.

त्या डोंगराबद्दल दोन शब्द. वरच्या डायल्युशनमध्ये पॅरासिटामॉल 2.5 मिग्रॅ प्रति मिली आहे. 245 च्या आसपास त्याचं विशिष्ट शोषण, म्हणजे 1 टक्का द्रावण आणि 1 सेंमी मार्गासाठीचं, सुमारे 668 आहे. 10 मायक्रोलिटर इंजेक्शनला शिखरावरचं खरं शोषण बऱ्याच एयूंचं होतं आणि डिटेक्टर केव्हाच थकलेला असतो. 0.1 टक्का स्ट्रे लाइट (भरकटलेला प्रकाश) असलेला डिटेक्टर 2 एयू असताना सुमारे 1.96 दाखवतो आणि 3 असताना 2.7. अशा पीकवर लिनिअरिटी नाही, प्युरिटी नाही आणि वजाबाकी तर नाहीच. पॅरासिटामॉल 295 ते 300 च्या उतारावर मोजा किंवा वेगळं डायल्युशन करा. उतारावर मोजण्याचा धोका वर सांगितलाच आहे, पण इथे स्टँडर्ड शेजारी असतो आणि पर्याय सॅच्युरेशन आहे. पीडीए असल्याने तरंगलांबी मध्येच बदलायची गरज नाही: फिनाइलएफ्रिनसाठी 275, क्लोरफेनिरामाइनसाठी 262, पॅराबेनसाठी (सिरप टिकवणारा घटक) 256 आणि पॅरासिटामॉलसाठी 300, असे चार सिग्नल एकदम नोंदवा. व्हेरिएबल वेव्हलेंग्थ डिटेक्टरवर टाइम प्रोग्रॅम लावावा लागला तर बदल शांत बेसलाइनवर ठेवा, पुढच्या पीकच्या किमान 0.3 मिनिट आधी, आणि सोबत ऑटोझिरो द्या. कॉलम जुना झाल्यावर रिटेन्शन सरकतं आणि तोच बदल पीकच्या पोटात येतो, हे धरून जागा सोडा.

दुसरा पाहुणा, 4-अमिनोफिनॉल. इथे पीक प्युरिटी का पास झाली ते नीट समजून घ्यायला हवं. त्याच्या अमिनो गटाच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटोनेटेड असतात तो आकडा) साडेपाचच्या आसपास आहे. पीएच 3 ला तो गट प्रोटोनेटेड असतो, नायट्रोजनवरची एकाकी इलेक्ट्रॉन-जोडी रिंगशी जोडलेली राहत नाही, आणि रेणूचा स्पेक्ट्रम साध्या फिनॉलसारखा दिसतो, सुमारे 272 ला. फिनाइलएफ्रिनचा 273 ला. डिटेक्टरच्या नजरेने दोघं जुळे आहेत, म्हणून प्युरिटी पास होणारच. 220 सोडून 275 वर आलात तरी हा खांदा तसाच राहील.

पीएच 7 ला चित्र उलटतं. अमिनो गट मोकळा होतो, पट्टा 300 च्या आसपास सरकतो, आणि फिनाइलएफ्रिनचा न्यूट्रल फिनॉल तिथे जवळजवळ काहीच शोषत नाही. 300 च्या सिग्नलवर 4-अमिनोफिनॉल एकटं उभं राहतं. शिवाय भार गेल्याने सी-18 वर त्याचं रिटेन्शनही वाढतं, म्हणजे एका बदलात दोन फायदे. पीएच 7 च्या वर मात्र जाऊ नका. फिनाइलएफ्रिनच्या फिनॉलचा पीकेए 9 च्या आसपास आहे, आणि तो आयनित होऊ लागला की त्याचा पट्टा 290 कडे सरकतो आणि मिळवलेली सिलेक्टिव्हिटी हातची जाते. कॉलमचं तापमान 30 अंशांपुढे नेऊ नका, कारण फॉस्फेटमध्ये पीएच 7 ला सिलिका विरघळत राहते. सॅम्पल ताजं बनवा, ऑटोसॅम्पलर 5 अंशांवर ठेवा. 4-अमिनोफिनॉल न्यूट्रल द्रावणात हवेने ऑक्सिडाइज होतं आणि स्टँडर्ड तपकिरी पडू लागतं. तसं दिसलं की तो स्टँडर्ड टाकून द्या. ते पाण्यात न ठेवता पीएच 3 च्या डायल्युएंटमध्ये ठेवलं तर बरंच टिकतं.

ॲसेची मेथड मोडायची नसेल तर 4-अमिनोफिनॉलची पीएच 7 वरची स्वतंत्र लिमिट मेथड लिहा. ही अशुद्धी विषारी आहे आणि पॅरासिटामॉलच्या कच्च्या मालासाठी युरोपीय फार्माकोपियाची मर्यादा 50 पीपीएम आहे. तिला दुसऱ्याच्या पीकखाली झाकून ठेवणारी मेथड चालू ठेवणं योग्य नाही.

बफर बदलताना त्याचं स्वतःचं शोषण विसरू नका. फॉस्फेट 200 पर्यंत पारदर्शक आहे, ॲसिटेट 225 च्या खाली त्रास देतं. मिथेनॉलची कटऑफ (जिच्याखाली द्रावक स्वतःच शोषू लागतो ती तरंगलांबी) 205 आहे, असिटोनायट्राइलची 190. 0.1 टक्का टीएफए (ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल) घेऊन 215 वर ग्रेडियंट चालवला तर बेसलाइन चढते किंवा उतरते. असिटोनायट्राइलच्या बाटलीत टीएफए 0.085 ते 0.09 टक्के ठेवून ती सपाट करतात. बाटली उघडून महिने झालेलं ट्रायइथिलअमाइन घालू नका, पिवळसर झालेलं तर नाहीच. 275 वर काम करणाऱ्याला यातल्या बहुतेक कटकटी होत नाहीत, हाही 220 सोडण्याचा फायदा आहे.

पीएच 3 चा कॉलम अजिबात हलवायचा नसेल तर पीएच कॉलमनंतर बदलता येतो. कॉलम आणि डिटेक्टर यांच्यामध्ये टी (तीन तोंडांचा जोड) बसवा आणि दुसऱ्या पंपाने 0.2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिनिटाला 0.2 मिली सोडा. 20 मिलीमोलर फॉस्फेटचा 1 मिली फ्लो म्हणजे मिनिटाला 20 मायक्रोमोल, आणि तुम्ही घालता 40 मायक्रोमोल हायड्रॉक्साइड. पीएच साडेअकराच्या वर जातो. फिनाइलएफ्रिन 290 कडे सरकतं, पॅरासिटामॉल 257 ला, आणि ज्यात फिनॉल नाही ते जागचं हलत नाही. एखादं अनोळखी पीक फिनॉलचं आहे की नाही हे ठरवायला याहून स्वस्त उपाय नाही. पीकची उंची डायल्युशनमुळे सुमारे 17 टक्क्यांनी घटते, दुसऱ्या पंपाची स्पंदनं बेसलाइनवर दिसतात, आणि असिटोनायट्राइल निम्म्याच्या वर गेल्यावर फॉस्फेट सेलमध्ये बसण्याची भीती असते. म्हणून हे ग्रेडियंटच्या सुरुवातीच्या भागापुरतं वापरा आणि रन संपला की पाण्याने अर्धा तास धुवा. हे तपासाचं साधन आहे, रोजच्या मेथडमध्ये मी ते घालणार नाही.

तिसरा पाहुणा सगळ्यात फसवा. मॅलिइक आम्लाच्या दुहेरी बंधावर फिनाइलएफ्रिनचं दुय्यम अमाइन जोडलं जातं आणि ॲडक्ट तयार होतो. यात फिनॉलची रिंग जशीच्या तशी राहते, म्हणून स्पेक्ट्रमही तोच राहतो, कोणत्याही पीएचला, कोणत्याही तरंगलांबीला. तो फिनाइलएफ्रिनच्या पीकखाली आला तर औषध घटत असताना टक्केवारी कायम दिसते. तुमच्या नमुन्यांत खांदा वाढतोय आणि फिनाइलएफ्रिन मात्र हलत नाही, म्हणून मला या ॲडक्टची दाट शंका आहे. फिनाइलएफ्रिन हायड्रोक्लोराइड आणि मॅलिइक आम्ल पाण्यात एकत्र घ्या, पीएच 5 ते 6 ला आणा, 60 अंशांवर ठेवा आणि रोज इंजेक्ट करून खांद्याच्या जागी काही वाढतंय का ते बघा. वाढलं तर डिटेक्टरशी खेळणं थांबवा. मोबाइल फेजमध्ये 5 मिलीमोलर सोडियम ऑक्टेनसल्फोनेट घालून बघा: फिनाइलएफ्रिन उशिरा येईल, आणि कार्बॉक्सिल गट असलेला ॲडक्ट त्याच्याइतका मागे सरकणार नाही. हे आयन-पेअर अभिकर्मक 275 वर दिसत नाही. त्याला समतोल यायला वेळ लागतो, आणि एकदा वापरलेला कॉलम त्याच कामाला राखून ठेवावा लागतो.

प्लॅसिबोच्या स्वच्छतेबद्दल एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. ग्लिसरीन, सॉर्बिटॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांना क्रोमोफोर नाही, म्हणून ते यूव्हीवर दिसत नाहीत आणि आपल्याला पीक मोकळं मिळतं. त्याच कारणाने विषारी डायइथिलीन ग्लायकॉलही दिसत नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा भेसळीच्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. यूव्हीचा प्लॅसिबो कितीही सपाट आला तरी ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या प्रत्येक लॉटची गॅस क्रोमॅटोग्राफीवर वेगळी तपासणी करायलाच हवी. डायइथिलीन आणि इथिलीन ग्लायकॉल प्रत्येकी 0.10 टक्क्यांच्या आत असावे लागतात.

220 वरून 275 वर जाणं म्हणजे व्हॅलिडेट झालेल्या मेथडमधला बदल आहे. स्पेसिफिसिटी, लिनिअरिटी, ॲक्युरसी, एलओक्यू (खात्रीने मोजता येणारं किमान प्रमाण) आणि प्रत्येक अशुद्धीचा रिलेटिव्ह रिस्पॉन्स फॅक्टर पुन्हा काढावा लागेल. 220 चे जुने फॅक्टर 275 ला लागू होत नाहीत. स्पेसिफिसिटीमध्ये प्लॅसिबोसोबत मॅलिइक आम्ल, 4-अमिनोफिनॉल आणि तयार केलेला ॲडक्ट हे तिन्ही घाला, नाहीतर हाच प्रश्न दोन वर्षांनी परत येईल. आणि मेथडमध्ये नुसतं "275 नॅनोमीटर" असं लिहू नका. पूर्ण लिहा: सिग्नल 275, बँडविड्थ 4, रेफरन्स बंद, स्लिट 4, डेटा रेट 5 हर्ट्झ, स्पेक्ट्रा 200 ते 400, सगळे साठवलेले.